पागडी, गोठलेली भाडी आणि मालकी हक्क : सरकारने नेमके किती बाजूला व्हावे?

दादर_पश्चिम
डिसेंबर २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मुंबईतल्या पागडी इमारतींसाठी (जिथे भाडेकरूने सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम, म्हणजे पागडी, देऊन नाममात्र भाड्याने कायमचा ताबा घेतलेला असतो) स्वतंत्र नियमावली आणण्याची घोषणा केली. भाडेकरूला त्याच्या ताब्यातल्या क्षेत्राएवढा एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात मिळणारा बांधकामाचा हक्क), मालकाला जमिनीचा मूळ एफएसआय आणि गरीब भाडेकरूंच्या बांधकामखर्चासाठी प्रोत्साहनपर एफएसआय, असा तिचा गाभा आहे. त्याआधी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मुंबईच्याच घरमालकांच्या याचिकेवर निकाल दिला : प्रत्येक खासगी मालमत्ता ही संविधानाच्या अनुच्छेद ३९(ख) मधली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' (जिचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे असे धोरण राज्याने ठेवायचे असते) ठरत नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून माझे मत मांडतो. सरकारने भाडे ठरवणे थांबवावे. पण त्याआधी पागडीधारकाचा हक्क ही मालमत्ता आहे, हे कायद्यात स्वच्छ लिहावे. व्यक्तिस्वातंत्र्य आणि मालमत्तेचा हक्क मानणाऱ्यांपैकी बरेच जण फक्त घरमालकाची बाजू घेतात. मला ते अर्धे तत्त्व वाटते. पागडी देऊन घेतलेला ताबा हाही करारच आहे, आणि करार दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

तुमचे काय म्हणणे?

---

निळी_शाई
पूर्ण असहमत.

इतिहास आधी पाहू. १९४७ चा मुंबई भाडे कायदा तात्पुरता म्हणून आला. युद्धानंतरची घरटंचाई, फाळणीनंतरचे लोंढे, सगळे मान्य. पण भाडे गोठले ते १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर, आणि 'तात्पुरत्या' कायद्याला मुदतवाढ मिळत राहिली अर्धे शतक. अखेर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की हे भाडे गोठवणे काळाच्या ओघात मनमानी झाले आहे. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आणि त्याने काय दिले? १ ऑक्टोबर १९८७ चे भाडे अधिक ५ टक्के हा पाया, आणि कलम ११ खाली वर्षाला ४ टक्के वाढ.

आकडा मांडा. २००० साली १०० रुपये भाडे असेल तर ४ टक्के चक्रवाढीने धरली तरी २०२५ मध्ये २६७ रुपये होते. तीस खोल्यांची चाळ धरली तर महिन्याला आठ हजार. त्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजचे पाइप, जिन्याचे लाकूड, पंप, सार्वजनिक दिव्यांचे बिल. ज्याच्याकडून मालमत्तेचे उत्पन्न ऐंशी वर्षे काढून घेतले, त्यालाच आता 'पागडीधारकाचा हिस्सा मान्य कर' म्हणायचे?

---

परळ_नाका
@निळी_शाई, त्या तीस खोल्यांपैकी किती खोल्या गेल्या पन्नास वर्षांत हस्तांतरित झाल्या तेही मांडा. प्रत्येक हस्तांतराला नव्या भाडेकरूने मोजलेल्या रकमेतला साधारण एक तृतीयांश मालकाने घेतलेला असतो. काही ठिकाणी निम्मा. भाडे २६७ रुपये दिसते, पण मालकाचे खरे उत्पन्न भाडे नव्हतेच, नाव बदलण्याची रक्कम होती. ती हिशोबात न घेता मालकाचे दारिद्र्य मांडणे बरोबर नाही.

---

कोर्टाची_पायरी
दोघांच्या मध्ये कायद्याची वस्तुस्थिती टाकतो, म्हणजे पुढची चर्चा नेमकी होईल.

१९४७ च्या कायद्यात पागडी घेणे हा गुन्हा होता. म्हणून व्यवहार रोखीत, पावतीशिवाय झाले. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने मालकाला आणि भाडेकरूलाही अशी रक्कम घ्यायची मुभा दिली. म्हणजे २००० नंतरची पागडी कायदेशीर आहे आणि कागदावर आणता येते. आयकर कायदाही भाडेहक्काला भांडवली मालमत्ता मानतो, तो सोडताना मिळालेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागतो. एकीकडे राज्य या हक्कावर कर घेते आणि दुसरीकडे तोच हक्क मालमत्ता नाही म्हणते, हे टिकणारे नाही. मूळ पोस्टशी इतपत मी सहमत आहे.

पण हा हक्क मालकी नव्हे. कलम २६ नुसार करारात वेगळे ठरले नसेल तर भाडेहक्क परस्पर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. वारसाचेही तसेच. कलम ७(१५) पाहिले तर राहत्या घरात, मृत्यूच्या वेळी भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला तो हक्क जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने भाडेपावतीवर आपोआप नाव लागेल असे धरून चालू नये. पागडीच्या खोल्यांवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत त्याचे कारण हेच. तारण म्हणून हातात काय घ्यायचे, हे त्यांना कळत नाही.

---

दादर_पश्चिम
@कोर्टाची_पायरी, अगदी हेच. हक्क विकता येतो पण मालकाच्या संमतीशिवाय नाही, वारसाला जातो पण तो तिथे राहत असेल तरच, घर सहा महिने विनाकारण बंद ठेवले तर कलम १६(१)(एन) खाली दावा लागतो. नोकरीसाठी दोन वर्षे पुण्याला जाणारा माणूस कुलूप लावून जाऊ शकत नाही आणि भाड्यानेही देऊ शकत नाही, कारण पोटभाडेकरू ठेवणे हेही घर खाली करवण्याचे कारण आहे. म्हणजे नियंत्रणाने भाडेकरूलाही बांधून ठेवले आहे. शहरातली कितीतरी घरे अशी केवळ ताबा टिकवण्यासाठी अडकून पडली आहेत.

---

शुभदा_गो
मला एक कळले नाही. भाडे नियंत्रण उठले की दुसऱ्या दिवशी मालक बाजारभाव मागणार. लालबाग-परळमध्ये पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने चाळीस हजार कुठून आणायचे? स्वातंत्र्याच्या गप्पा ठीक आहेत, पण त्याच्या डोक्यावरचे छप्पर जाणार त्याचे उत्तर काय?

---

अर्थ_आणि_अनर्थ
शुभदाताई, प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. त्या पेन्शनरला मदत हवी असेल तर ती करदात्यांच्या पैशातून, उघडपणे, त्याच्या नावावर द्यावी. आज तीच मदत एका विशिष्ट घरमालकाच्या खिशातून दिली जाते, आणि ती गरजूलाच मिळते असेही नाही. मलबार हिल, मरीन ड्राइव्ह, कुलाबा इथले प्रशस्त फ्लॅटही याच संरक्षणाखाली आहेत. २०१६ मध्ये मोठ्या घरांना आणि मोठ्या गाळ्यांना कायद्यातून वगळण्याचा प्रस्ताव आला होता, तो विरोधानंतर बारगळला. फायदा गरिबीच्या हिशोबाने मिळाला असता तर निदान मोठ्या घरांवरून इतका संघर्ष झाला नसता.

कंपन्यांना मात्र कायद्याने वगळले आहे. कलम ३(१)(ख) खाली बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा जास्त भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षण नाही. २००० नंतर या जागांची भाडी बाजारभावाला आली आणि आकाश कोसळले नाही.

नुकसान कुठे झाले ते बघायचे तर भाड्याच्या घरांच्या एकूण पुरवठ्याकडे बघा. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने दाखवले होते की शहरी भागात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. गिरगाव, दादर, माटुंगा इथल्या जुन्या इमारती भाड्याने देण्यासाठीच बांधल्या गेल्या. १९४७ नंतर तसे बांधणे जवळपास थांबले, कारण भाडेकरू ठेवणे म्हणजे जागा सोडून देणे हे प्रत्येक गुंतवणूकदाराला कळले. मग मालकी हक्काचे फ्लॅट आले, ते परवडत नाहीत त्यांच्यासाठी झोपडी. आणि २०११ च्या जनगणनेत याच मुंबईत साडेचार लाखांहून जास्त घरे रिकामी. पेन्शनरच्या मुलाला घर मिळत नाही त्यामागे हे आहे.

---

परळ_नाका
पुरवठा फक्त भाडे कायद्याने आटला असे म्हणणे एकांगी आहे. १९६४ पासून एफएसआयची मर्यादा आहे, १९९१ च्या नियमावलीत शहरात १.३३ आणि उपनगरात १. शिवाय १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा, जो महाराष्ट्राने २००७ च्या नोव्हेंबरात रद्द केला. जमिनीवर बांधायलाच बंदी आणि वर भाड्यावर बंदी. दोन्ही बेड्यांपैकी फक्त भाडेकरूच्या फायद्याची बेडी आधी तोडा म्हणणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका येते.

---

निळी_शाई
एफएसआयबद्दल +१. तीही बेडी तोडा, माझी हरकत नाही.

---

चौथा_मजला
चर्चा तत्त्वाची चालली आहे, पण इमारती वाट बघत नाहीत. १९६९ मध्ये उपकरप्राप्त इमारती (दुरुस्तीसाठी ज्यांच्याकडून उपकर घेतला जातो अशा जुन्या इमारती) १९ हजारांवर होत्या, आज साधारण १३ हजार उरल्या आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसे गेली.

दुरुस्ती का होत नाही याचे यंत्र समजून घ्या. मालकाला भाड्यातून परवडत नाही. भाडेकरूला वाटते, इमारत मालकाची, आपण का खर्च करावा. कायद्यात वाट आहे : सत्तर टक्के भाडेकरूंची लेखी संमती घेऊन सुधारणा केली तर खर्चाच्या वर्षाला कमाल १५ टक्क्यांपर्यंत भाडे वाढवता येते. ही वाट फार थोडे वापरतात, कारण संमती दिली की भाडेवाढ कायमची, ही भीती. मग उरते रिपेअर बोर्ड, म्हणजे म्हाडाचे (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे) इमारत दुरुस्ती मंडळ. उपकर जमा होतो, पण चौरस मीटरमागे खर्चाची कमाल मर्यादा ठरलेली, त्यावरचा खर्च रहिवाशांनी भरायचा. परिणामी टेकू लागतात, प्लास्टर होते, आणि बीमच्या आतली गंजलेली सळई तशीच राहते. मुंबईच्या खाऱ्या हवेत सळई फुगते, कव्हरचे काँक्रीट सुटते, त्यावर प्लास्टर मारले की दोन पावसाळे चेहरा नीट दिसतो.

स्ट्रक्चरल ऑडिट मागवाल तेव्हा नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पाहणीचा अहवाल स्वीकारू नका. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, हाफ सेल पोटेन्शियल, कार्बोनेशन आणि कोअर टेस्ट, या चाचण्यांचे आकडे मागा. इमारत 'सी-१' म्हणजे पाडण्यायोग्य की 'सी-२' म्हणजे दुरुस्तीयोग्य, हा सगळा वाद पुढे याच आकड्यांवर लढला जातो.

---

कोर्टाची_पायरी
चौथा_मजला यांचा मुद्दा फार मोलाचा आहे. म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ चा वाद नेमका इथेच आहे. इमारत धोकादायक जाहीर झाली की मालकाला ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीसह प्रस्ताव द्यायला सहा महिने, त्याने नाही दिला तर रहिवाशांच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, तेही झाले नाही तर म्हाडा जमीन संपादित करणार. मालकाला मोबदला रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) जमिनीच्या किमतीच्या २५ टक्के किंवा विक्रीयोग्य बांधकामाच्या १५ टक्के, यांतले जे जास्त ते.

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नऊशेहून अधिक नोटिसांवर कडक ताशेरे ओढले. आधी इमारत धोकादायक असल्याचे कायद्याने ठरल्याप्रमाणे जाहीर व्हायला हवे, अधिकाऱ्याच्या वरवरच्या पाहणीवर नोटीस काढून मालकाचा हक्क संपवण्याचे घड्याळ सुरू करता येत नाही, हा त्यातला गाभा. भाडेकरूंच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हा निकाल आपला मानावा. आज ज्या सहीने मालकाची जमीन जाते, त्याच सहीने उद्या दुरुस्त होऊ शकणाऱ्या इमारतीतून भाडेकरूला संक्रमण शिबिरात पाठवता येते.

---

अर्थ_आणि_अनर्थ
आणि म्हणूनच २०२४ चा निकाल महत्त्वाचा. ती याचिका १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात घातलेल्या प्रकरण आठ-अ विरुद्ध होती. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली की संपादन, आणि मोबदला किती? मासिक भाड्याच्या शंभरपट. दोनशे रुपये भाड्याच्या खोलीचे वीस हजार रुपये! आधी भाडे गोठवायचे आणि मग त्या गोठलेल्या भाड्याच्या पटीत किंमत ठरवायची. याला मी जप्तीच म्हणतो.

---

निळी_शाई
एक दुरुस्ती. घटनापीठाने फक्त ३९(ख) च्या अर्थाचा प्रश्न सोडवला. प्रकरण आठ-अ वैध की अवैध हे त्या निकालाने ठरवलेले नाही. आणि 'कोणतीच खासगी मालमत्ता नाही' असेही बहुमत म्हणत नाही. मालमत्तेचे स्वरूप, तिची टंचाई, काही थोड्या हातांत ती एकवटली आहे का, समाजावर होणारा परिणाम, हे बघून ठरेल असे म्हटले आहे. मुंबईतल्या जमिनीला हे निकष लावायला वाव आहे. मालकांनी इतक्यात निश्चिंत होऊ नये.

---

शुभदा_गो
मूळ मुद्द्यावर येते. दादर_पश्चिम, तुम्ही भाडेकरूचा हिस्सा कायद्यात लिहा म्हणता. किती हिस्सा? १९४५ पासून फक्त भाडे भरत आलेले कुटुंब आणि २०१५ ला ऐंशी लाख पागडी मोजून आलेले कुटुंब, दोघांना सारखाच?

---

दादर_पश्चिम
शुभदाताई, हाच खरा अवघड भाग. माझा प्रस्ताव असा :

हिस्सा सरकारने ठरवू नये. हस्तांतराच्या वेळी त्या इमारतीत जे प्रमाण चालत आले आहे, तेच नोंदवावे. ९० लाखांच्या व्यवहारात मालकाला ३० लाख जात असतील तर बाजाराने हिस्सा आधीच सांगितला आहे : भाडेकरू दोन तृतीयांश, मालक एक तृतीयांश. मूळ कुटुंब असो की २०१५ चे, आज हक्क सोडताना दोघांनाही तेवढेच मिळते. ज्याने ऐंशी लाख मोजले त्याने ते आधीच्या भाडेकरूला आणि मालकाला मोजले, मूळ कुटुंबाला मात्र जास्तीचा लाभ झाला हे खरे. पण तीन पिढ्यांपूर्वीचा हिशोब उकरायला बसलो तर पावत्या कुठेच नाहीत, कारण कायद्यानेच तेव्हा पागडी गुन्हा ठरवली होती.

एकदा हिस्सा निबंधक कार्यालयात नोंदला की तीन वाटा खुल्या : भाडेकरूने मालकाचा हिस्सा विकत घ्यावा, मालकाने भाडेकरूचा घ्यावा, किंवा दोघांनी मिळून विकासकाशी करार करावा. या नोंदीवर बँक कर्ज देऊ शकेल, म्हणजे तो पेन्शनरही रिकाम्या हाताने रस्त्यावर येत नाही. हे झाल्यावरच भाड्याचे बंधन उठवावे, आधी नाही.

---

परळ_नाका
इतके स्पष्ट लिहिलेत म्हणून माझा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा असा की मालक नोंदणीला संमतीच देणार नाही. आजच भाडे स्वीकारायला नकार देऊन 'थकबाकीदार' ठरवण्याचे प्रकार होतात. तेव्हा नोंद मालकाच्या संमतीवर अवलंबून ठेवू नका. भाडेपावती आणि ताबा पुरावा धरा, मालकाला हरकतीची मुदत द्या, वाद लघुवाद न्यायालयात.

आणि भाडे नाकारले तर भाडेकरूंनी काय करायचे ते इथे लिहून ठेवतो. दर महिन्याला मनीऑर्डर पाठवा, परत आलेली कागदपत्रे तारखेनुसार जपून ठेवा. १९९९ च्या कायद्याच्या कलम १५ खाली मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतरही दावा झालाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के व्याजासह न्यायालयात भरली आणि निकालापर्यंत भाडे नियमित भरत राहिले तर त्या कारणावर घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. ही दुसरी मुदत चुकवणारे फार, आणि ती चुकली की सहानुभूतीवर घर वाचत नाही. भाडेपावती देणे मालकावर कलम ३१ ने बंधनकारक आहे, ती लेखी मागा.

---

मीठागर
जरा अवांतर. तुम्ही सगळे पागडीवर आहात, पण आज घर भाड्याने देणाऱ्या-घेणाऱ्या बहुतेकांचा संबंध लीव्ह अँड लायसन्सशी, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीच्या कराराशी, येतो. तिथे सरकारचा हात कमी आहे का? करार नोंदवा, मुद्रांक भरा, पोलिसांना कळवा, सोसायटीला कळवा. दोन सज्ञान माणसांमधला खासगी करार आहे ना हा?

---

कोर्टाची_पायरी
@मीठागर, तरीही मुंबईत भाड्याची घरे मिळतात ती याच वाटेमुळे. १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ ने मुदत संपली की मालकाला जागा परत मिळते, आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयात पिढ्या घालवाव्या लागत नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज चालतो. जागा अडवून धरणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई लागते. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते.

अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ ने मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची, जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. त्याहून मोठा धोका म्हणजे नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत.

मुद्रांक फार नाही. महिना ४० हजार, परत करायची अनामत २ लाख, मुदत २४ महिने. एकूण शुल्क ९ लाख ६० हजार, अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे ४० हजार, बेरीज १० लाख. त्यावर ०.२५ टक्के म्हणजे २,५०० रुपये. नोंदणी फी १,००० वेगळी.

---

मीठागर
मुद्रांकाचा जाच नाही, मान्य. पोलिसांना माहिती देण्याच्या सक्तीला मात्र माझा विरोध कायम. तो प्रतिबंधात्मक आदेश आहे, पूर्वी कलम १४४ खाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. तातडीच्या, तात्पुरत्या धोक्यासाठी असलेला अधिकार मुदत संपली की पुन्हा वापरायचा आणि तो कायमचा नियम करून टाकायचा, हे १९४७ च्या 'तात्पुरत्या' भाडे कायद्यासारखेच झाले. हवे असेल तर विधानसभेत चर्चा करून कायदा करा.

---

शुभदा_गो
मीठागर यांना अनुमोदन. सोसायट्यांचेही तेच. अविवाहितांना घर देऊ नका, मांसाहारी चालणार नाही. सभासदाने घर भाड्याने देताना आदर्श उपविधींप्रमाणे पूर्वसूचना आणि कराराची प्रत द्यायची असते. बिनभोगवटा शुल्कही (सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते) १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. याउपर अटी घालायचा अधिकार समितीला कुठून आला?

---

निळी_शाई
शुभदाताई, इथे मला पेच वाटतो. सोसायटी ही सभासदांनी एकत्र येऊन केलेली संस्था. सरकारने तिच्या शुल्कावर १० टक्क्यांची मर्यादा घालणे आणि घरमालकाच्या भाड्यावर ४ टक्क्यांची मर्यादा घालणे यात तत्त्वाने फरक काय? मला दोन्ही नकोत.

---

अर्थ_आणि_अनर्थ
फरक आहे. मुंबईत सोसायटीचे सभासदत्व ऐच्छिक राहिलेले नाही, फ्लॅट घेतला की ते घ्यावेच लागते. बाहेर पडायची वाट नसेल तिथे बहुमताला मर्यादा हवी. पण यावर वेगळा धागा काढा, इथला विषय हरवेल.

---

चौथा_मजला
दादर_पश्चिम यांच्या प्रस्तावात एक व्यवहाराची अडचण. पुनर्विकासात विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेले भाडेकरार धरले जात नाहीत. एका खोलीच्या दोन पावत्या करून लाभार्थी वाढवले जात म्हणून ही तारीख आली. तुमच्या नोंदणीत हिस्सा असेल आणि खोलीचे विभाजन त्या तारखेनंतरचे असेल, तर दोन हिस्सेदार आणि पुनर्वसनाचे घर एकच, किमान ३०० चौरस फुटांचे. त्यांच्यात भांडण लागणार. नोंद खोलीनिहाय ठेवा, माणूसनिहाय नको.

---

दादर_पश्चिम
@चौथा_मजला, हा बदल मान्य. मोजणी केलेले चटईक्षेत्र आणि खोली क्रमांक हा नोंदीचा पाया, त्याखाली हिस्सेदार कितीही असोत. @परळ_नाका, मालकाच्या संमतीशिवाय नोंद आणि हरकतीला मुदत, हेही घेतो. ९० दिवस ठेवू, कलम १५ मधली मुदत दोन्ही बाजूंच्या ओळखीची आहे. नियमावलीच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या गेल्या तर हाच मजकूर पाठवायचा विचार आहे. ज्यांना सहमती किंवा विरोध नोंदवायचा असेल त्यांनी आपापल्या नावाने स्वतंत्र पाठवावा.

---

निळी_शाई
मी विरोध पाठवणार, पण एकाच कलमापुरता. दोन तृतीयांश हे प्रमाण सर्वत्र गृहीत धरू नये. जिथे एकदाही हस्तांतर झालेले नाही तिथे मालकाचा हिस्सा निम्म्याहून कमी नसावा. बाकी मसुद्याला माझी हरकत नाही.

---

परळ_नाका
निम्म्यावर वाद घालू. खोल्यांची मोजणी मात्र मसुद्याची वाट न बघता आत्ताच करून घ्या, सगळ्यांनी. भिंतींच्या आतले चटईक्षेत्र, पोटमाळा वेगळा लिहा, सामाईक संडास-गॅलरी धरू नका, आणि नकाशावर वास्तुविशारदाची सही-शिक्का घ्या.